आबेदाखाला आणि कड्यावरचं पाच मजली घर

आयर्लंडच्या एका समुद्रकड्यावर मी स्वतःच्या हातानं पाच मजली घर बांधलं, आणि त्या घरापायी आबेदाखाला समुद्रात जाता जाता राहिल्या. घर दगडांचं होतं, उंची माझ्या गुडघ्याच्या जरा खाली, आणि बांधायला एका बिडीएवढा वेळ लागला. नुकसान मात्र खऱ्या इमारतीएवढं झालं असतं.

हे घर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर शहरातले लोक मला येडा समजतील. आमच्या पिशोरकडं डोंगरावरच्या देवाला गेलं की परत येताना माणसं वाटेच्या कडेला बसतात आणि दगडावर दगड रचतात. जेवढे दगड तेवढे मजले. रचलेलं पडलं नाही तर आपलं घर होतं, असं म्हणतात. माझ्या आईनं वर्षानुवर्षं दोन-दोन दगड रचले. आमचं घर पत्र्याचंच राहिलं, पण आई अजून देवाला दोष देत नाही, दगडांना देते.

तर त्या दिवशी कड्यावरची वाट एका ठिकाणी फुटली होती. एक फाटा डावीकडं, शेताच्या कुंपणाआतून वर चढत होता. दुसरा सरळ, समुद्राच्या काठाकाठानं. मधे पाटी असावी, तिचा नुसता बुंधा उरला होता. डाव्या फाट्याच्या तोंडाशी चपट्या दगडांची एक रास होती. ती बघून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. म्हटलं, बघा, इथंही लोक घरासाठी नवस करतात. इथली घरभाडी मी ऐकून होतो, त्यामुळं ते पटलंही. सरळ फाट्यावर चार पावलं पुढं एक झकास सपाट जागा होती, समोर उघडा समुद्र. माझ्या घराला तीच जागा पाहिजे होती. आसपास दुसरे चपटे दगड नव्हते, म्हणून शेजाऱ्याचे घेतले. त्याच्या राशीचे खालचे दोन तेवढे उरले. थोडक्यात, कुणाचं तरी पाडून मी माझी बिल्डिंग उभी केली. आमच्या शहरात हे रोज चालतं, त्यामुळं मनाला काही लागलं नाही.

मग लघवीला म्हणून दगडी बांधापलीकडं गेलो. परत आलो, तर मागून येणाऱ्या आबेदाखाला मागं नव्हत्या. पुढंही दिसत नव्हत्या.

ती रास नवसाची नव्हती. काठाची वाट खचली आहे, शेतातून जा, एवढं सांगायला तिथल्या लोकांनी ती रचली होती. सकाळी गाडीत रिझवानभाईंनी, म्हणजे खालांच्या मुलानं, बजावून सांगितलं होतं, "पाटी नसेल तिथं दगडांची रास बघायची. रास ज्या वाटेवर, ती आपली वाट." खालांनी ते ऐकलं होतं. मी मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलो होतो.

आता त्या तिकडं काठावर असताना तुम्हाला आमच्या शहरातल्या शहागंजात नेतो, त्याबद्दल रागावू नका. आबेदाखाला कोण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शहागंजात एका घड्याळवाल्याच्या दुकानाच्या बगलेतून एक दगडी जिना वर जातो. जिना इतका उभा की वर जाणाऱ्याला आपलेच गुडघे दिसतात. त्याला कठडा नव्हता, एक दोरी लोंबायची. वर खालांचं दुकान: लेस, गोटा, बटणं, अस्तर, फॉल, हुक, शिलाईचे दोरे. त्याच्याही वर एक खोली, तिथं मी भाड्यानं राहतो. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका ऑफिसात कामाला आहे. खोली बघायला आलो तेव्हा खालांनी विचारलं, "गाव?" म्हटलं, पिशोर. "नाव?" म्हटलं, सम्यक. दोन्हींतलं त्यांनी पहिलं ठेवून घेतलं. तेव्हापासून मी 'पिशोर'. "ए पिशोर, तुझा नळ चालू आहे." "पिशोर, तुझी चप्पल माझ्या जिन्यात काइकू?" जिना त्यांचा, चप्पल माझी, बोलणी रोजची.

दुकान मूळ त्यांच्या नवऱ्याचं. मुख्तारचाचांच्या काळात गिऱ्हाईक चहा पिऊन जायचं, असं जुने शिंपी सांगतात. चाचा वारले. इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं घरात राहून पाळायची मुदत, संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी खाला गादीवर बसल्या आणि चहा बंद झाला. लोकांना वाटलं, बाईमाणूस, महिन्याभरात शटर ओढेल. शटर ओढलं नाही, लोकांनाच ओढलं. एकदा माझ्यासमोर एक नवरीची आई जांभळं कापड घेऊन आली आणि म्हणाली, याला शोभेल अशी लेस द्या. खालांनी कापड दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "बाई, याला लेस लावू नका. याला काडी लावा." बाई तणतणत जिना उतरली. दुसऱ्या दिवशी दुसरं कापड घेऊन आली. आजूबाजूच्या दुकानांत गोड बोलून भलताच रंग गळ्यात मारतात. इथं शिव्या खाव्या लागतात, पण घरी गेल्यावर पश्चात्ताप होत नाही.

गेल्या रमजानच्या गर्दीत खाला त्या जिन्यावरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघा भोपळ्यासारखा सुजला. तीन आठवडे दुकान बंद. ही बातमी आयर्लंडला गेली. रिझवानभाई आधी आमच्या शहराबाहेर वाळूजला औषधांच्या कंपनीत होते, आता कॉर्कला तशाच कंपनीत आहेत. बायको कहकशा तिथंच एका शाळेत लागली आहे. त्यांनी व्हिडिओ कॉल केला. फोन धरायला मी. मायलेक आपसांत दखनीत बोलतात, मी ते मराठीत सांगतो, मधूनमधून त्यांचेच शब्द राहू देतो.

"अम्मी, बास झालं. दुकान बंद करा आणि इकडं या."

"आणि तिथं काय करू? तुझ्या खिडकीत कुंडीसारखी बसू?"

"तुमचा गुडघा त्या जिन्याला जमत नाही."

"जिन्याला जमतंय का ते जिना सांगेल. तू कोण?"

मागून कहकशाभाभी मऊ आवाजात म्हणाल्या, "अम्मी, इथं या तर खरं. आम्ही रविवारी समुद्राच्या कड्यावरून चालायला जातो. लई छान वाट आहे. म्हणजे, तुमच्यानं होणार नाही, पण गाडीतून दाखवू."

झालं. 'तुमच्यानं होणार नाही' हे शब्द खालांना कुणी म्हणत नाही. अर्ध्या तासात पैज ठरली. खालांनी ती वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. वाटेत कुठंही बसायचं नाही. कुणा माणसाच्या हाताचा आधार घ्यायचा नाही. जमलं, तर रिझवानभाईंनी दुकानाचं नाव आयुष्यात काढायचं नाही. नाही जमलं, तर शटर कायमचं खाली, बिल्डिंग विकायची आणि खालांनी कॉर्कला राहायला जायचं.

बिल्डिंग म्हणजे माझी खोलीही आलीच. ती मला कुणी विचारली नाही.

सोबत म्हणून माझं तिकीट रिझवानभाईंनीच काढलं. दुसऱ्यांची शेकडो तिकिटं काढलेला मी, स्वतः विमानात पहिल्यांदाच बसलो. खाला पूर्ण प्रवासात माझ्याशी दोनच वाक्यं बोलल्या. विमान उडताना, "डोळे उघड, गावठी." आणि उतरताना, "घोरतोस."

कॉर्कच्या घरी पोचल्यावर खालांनी पिशवीतून गोट्याचं एक रीळ काढलं. गोटा म्हणजे दुपट्ट्याच्या काठाला लावतात ती सोनेरी पट्टी. हा जुना, मुख्तारचाचांच्या वेळचा, मधे बारीक कैऱ्यांची नक्षी असलेला. दुकानात शेवटचा उरलेला दीड मीटर त्यांनी सुनेसाठी आणला होता. कहकशाभाभींनी तो हातात घेतला, छान आहे म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "पण अम्मी, इथं मी हे घालून जाणार कुठं?" खालांनी रीळ परत घेतलं, पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन ओढली. त्या चेनचा आवाज जेवण होईपर्यंत माझ्या कानात होता.

पैजेच्या दिवशी रिझवानभाईंनी आम्हाला गाडीनं एका मासेमारीच्या गावाशी सोडलं. ते गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन थांबणार होते. त्यांना आईबरोबर चालायचं होतं, पण खालांनी हाकललं. "तू आलास तर प्रत्येक दगडाशी 'अम्मी, बसा' म्हणशील. पंच म्हणून पिशोर पुरे."

रिझवानभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, तू पंच आहेस. पण तिकीट कुणी काढलं ते विसरू नको."

"म्हणजे काय करू, भाई?"

"काही करू नको. दमली की दिसेलच. बसली की मला फोन कर. बास." मग जरा थांबून म्हणाले, "मागच्या वेळी पडली तेव्हा मला शेजाऱ्यांकडून कळलं. तू वरच राहतोस ना? तू पण फोन केला नाहीस." ते रागानंच म्हणाले, आणि राग खरा होता. मी त्या दिवशी पिशोरला होतो, पण ते सांगून काही फायदा नव्हता.

वाट सुरू झाली. उजवीकडं समुद्र, डावीकडं शेतं, मधे माणसाच्या खांद्यांएवढी रुंद पायवाट. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं दोन्ही अंगाला. वारा असा की बोललेलं तोंडातच परत जायचं. दूर एका बेटावर काळा दीपगृहाचा खांब. लोक पैसे मोजून जे बघायला जगभरातून येतात ते सगळं तिथं होतं. खालांनी एकदा समुद्राकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "हौ. लई पाणी आहे." विषय संपला.

त्यांच्या अंगावर सलवार-कमीज, वरून मुलाचा जाडजूड कोट, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, पायात दुकानात घालायचे काळे बूट. मला त्यांनी शेजारी चालू दिलं नाही. "पुढं हो. माझ्या बाजूला चाललास तर लोक म्हणतील म्हातारीला फिरवायला आणलंय." मागं राहिलो तर, "मागून काय बघतोस? पडायची वाट बघतोस?" म्हणून मी पुढं. वळून बघायचीही बंदी.

सुरुवातीला त्या जोरात चालल्या. मग मागचा बुटांचा आवाज मंदावला. एका उंच गवताच्या टेकाडावर वाट चढली तिथं मी चोरून मागं पाहिलं. खाला उभ्या होत्या. एक हात गुडघ्यावर, ओठ घट्ट मिटलेले. बसल्या नव्हत्या, पण उभं राहणंही त्यांना जड जात होतं. अजून अर्धीसुद्धा वाट झाली नव्हती.

तेव्हा मला काळजी लागली. खालांची लागली असं लिहिलं तर छान दिसेल. खोलीची लागली. शटर खाली, बिल्डिंग विकलेली, आणि मी पुन्हा सामान डोक्यावर घेऊन शहरभर 'गाव कुठलं, जात कुठली' या प्रश्नांच्या रांगेत. खालांनी ते दुसरं कधी विचारलं नव्हतं. याच विचारात मी फाट्यापाशी पोचलो, तिथं मला दगडांची रास दिसली, आणि मी घर बांधलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

"खाला! ओ खाला!"

वाऱ्यानं हाक मागं फेकली. मी काठाच्या वाटेनं पळालो. वाट एका खडकाला वळसा घालून खाली उतरली, बारीक झाली, आणि वळणापलीकडं खाला दिसल्या. पाठ कड्याला टेकून ताठ उभ्या. त्यांच्या पुढं वाट नव्हती. कुणी तरी सुरीनं भाकरीचा तुकडा काढून घ्यावा तशी जमीन गेलेली होती, आणि खाली फेस.

"ये," खाला म्हणाल्या. "ये रे शहाण्या. सांग, इथून पुढं रस्ता कुठून आहे?"

"तुम्ही हलू नका! मी येतो!"

"मी कुठं हललेय? मी उभी आहे. तू ओरडू नको, कान आहेत मला."

आमच्या दोघांमध्ये चार-पाच पावलांचा अरुंद तुकडा होता, बारीक खडीचा. त्यावरून त्या एकट्या गेल्या होत्या. मी, डोंगरच्या गावचा, शाळेत असताना गौताळ्याच्या जंगलात उड्या मारत फिरलेला, दोन पावलं टाकली आणि तिसरं पाऊल खडीबरोबर गेलं. एक पाय बाहेर लोंबकळला. हाताला पिवळ्या फुलांचं झुडूप आलं. फुलं दिसायला चांगली असतात, आत निव्वळ सुया. मी झुडूप सोडलं नाही आणि हललोही नाही. खाली बघू नये असं म्हणतात. मी बघितलं. मग माझं अंग माझं राहिलं नाही. तोंडातून आई गं एवढंच निघत होतं, तेही हळू, समुद्राला ऐकू जाऊ नये म्हणून.

"पिशोर."

"खाला, मला... मला जमत नाय."

"पाय वर घे."

"कोणता?"

"जो मरायला चाललाय तो!"

मला तो पाय घेता येत नव्हता. तेव्हा बुटांचा आवाज आला, शांतपणे, जणू दुकानात फळीवरचा डबा काढायला निघाल्यात. त्या अरुंद तुकड्यावरून त्या माझ्याकडं आल्या, वाकल्या, आणि माझं मनगट धरलं. आयुष्यभर शटर ओढलेला तो हात. अस्तराचे तागे फाडणारा, शिंप्यांच्या हातून कापड हिसकावणारा हात. त्यांनी एक शिवी दिली, ती मी लिहीत नाही, आणि मला झुडपासकट वर ओढलं.

मग त्या मागं, मी पुढं, गुडघ्यांवर रांगत मी सपाट गवतापर्यंत आलो. तिथं पसरलो. तळहातांतून रक्त येत होतं. खाला माझ्या डोक्याशी उभ्या.

"तू बसलास," त्या म्हणाल्या. दम लागला होता, पण आवाजात मजा होती. "मी उभी आहे. बघून ठेव, पंच."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या घरावर गेली. पाच दगड, वाऱ्यातही पडले नव्हते. खाला त्याच्याजवळ गेल्या, मग डाव्या फाट्याशी उरलेले दोन दगड बघितले. दुकानदाराला चोरी सांगावी लागत नाही.

"ही रास इथं कुणी आणली?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. मी सगळं सांगितलं. देव, डोंगर, आईचे दोन दगड, पाच मजले.

"घर पाहिजे होतं तुला?"

"व्हय."

"राहतोस ती काय कबर आहे?"

"तसं नाय, खाला. ती खोली... म्हणजे दुकान गेलं तर..."

वाक्य मी पूर्ण केलं नाही, पण ते त्यांना पूर्ण मिळालं. त्यांचा चेहरा बदलला. इतका वेळ त्या मला शिव्या देत होत्या, ते रोजचंच होतं. आता त्यांचा आवाज खाली आला, आणि मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

"म्हणजे मी हरले, असं तू धरूनच चालला होतास," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा म्हणतो, सून म्हणते. ठीक आहे, त्यांना माझी काळजी आहे, काळजीनं माणूस मूर्ख होतो. तू? माझ्या डोक्यावर राहतोस. रोज सकाळी मी तो जिना चढताना ऐकतोस. आणि मी उभी असताना तू दुसरं घर बांधतोस?"

मी तळहातातला एक काटा उपटला.

"उठ. पाड ते."

मी एका लाथेनं पाडणार होतो. "पायानं नक्को. ज्यानं बांधलं त्यानं पाड. आणि दगड जिथले तिथं ठेव."

रक्ताळलेल्या हातांनी मी माझे पाचही मजले उतरवले आणि दगड परत शेजाऱ्याच्या राशीवर रचले. खाला शिंप्याची शिवण तपासावी तसं बघत होत्या. "तो चपटा खाली. डोकं असतं तर सांगावं लागलं नसतं." मग त्यांनी पर्स उघडली, गोट्याचं रीळ काढलं, आणि काठाच्या वाटेच्या तोंडावर, एका बाजूच्या कुंपणाच्या खांबापासून दुसऱ्या बाजूच्या झुडपापर्यंत, तो दीड मीटर सोनेरी गोटा आडवा ताणून बांधला. पक्की गाठ. उन्हात कैऱ्या चमकायला लागल्या. कुठल्या आंधळ्यालाही ती वाट बंद आहे हे कळलं असतं.

"सुनेला घालून जायला जागा नव्हती," त्या म्हणाल्या. "इथं शोभतो." मग माझ्याकडं वळून, "आणि हा तुझ्या नावावर उधार. हाच, याच कैऱ्यांचा. तू आणून द्यायचा. आता चल."

उरलेली वाट आम्ही शेतातून चाललो. त्या पुढं, मी मागं. आता मला मागं बघण्याची बंदी नव्हती, पुढं बघण्याची होती. त्यांचा लंगडता गुडघा दिसला की मान खाली घालायची असं मला सांगण्यात आलं. एका कुंपणावर लाकडी पायऱ्या चढून पलीकडं उतरायचं होतं. मी सवयीनं हात पुढं केला आणि जीभ चावली. खालांनी लाकडी खांब धरला. "खांब माणूस नाही," असं मला कायद्याच्या भाषेत सांगितलं, वर चढल्या, आणि पलीकडं उलट्या उतरल्या, तोंड पायऱ्यांकडं करून, जशा शहागंजच्या जिन्यावरून रोज उतरतात. कुंपणापलीकडं गायी होत्या, हत्तीएवढ्या. एक वाटेत आडवी उभी राहिली. खालांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू गायीनं जांभळं कापड आणलं होतं. गाय बाजूला झाली.

शेवटच्या चढावर त्या तीनदा थांबल्या. एकदा तर डोळे मिटून, खांब नसल्यानं नुसत्या वाऱ्याला टेकून. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना आणि पिरांना साकडं घातलं. दगड मात्र एकही उचलला नाही.

दुसऱ्या टोकाला गाडी, रिझवानभाई, कहकशाभाभी. आणि गाडीच्या पुढं उघडून ठेवलेली घडीची खुर्ची. ती खुर्ची रिझवानभाईंनी मुद्दाम वाटेच्या अगदी शेवटावर ठेवली होती, खालांना लांबूनच दिसेल अशी. खालांनी ती पाहिली. तिला वळसा घालून गाडीला हात लावला, आणि मग म्हणाल्या, "पंच, बोल."

"कुठं बसल्या?" रिझवानभाई मला म्हणाले.

"कुठंच नाय."

"हात धरला?"

इथं मी अडकलो. माझ्या तळहातांवर रुमाल बांधला होता, तो त्यांनी बघितला. "सम्यक, खरं सांग. हात धरला का? कपडे बघ तुझे. काय झालं?"

खालांनीच सांगून टाकलं असतं तर सोपं झालं असतं. त्या गाडीला टेकून आपल्या बुटांवरची माती बघत राहिल्या.

"हात धरला," मी म्हटलं.

रिझवानभाईंनी मोठा श्वास सोडला. "झालं तर मग. अम्मी..."

"त्यांनी माझा धरला," मी म्हटलं. "मी कड्यावरून लोंबकळत होतो. मला हलता येत नव्हतं. आधार मी घेतला, त्यांनी दिला. आणि नंतर रांगतही मीच आलो. आणि वाट चुकली तीही माझ्यामुळं."

कहकशाभाभींच्या तोंडावर हसू आलं, ते त्यांनी दुपट्ट्याआड नेलं. रिझवानभाईंनी माझ्याकडं, आईकडं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "हात धरला की दोन हात आलेच," ते म्हणाले. "कुणी धरला काय, हात हातात होता ना!"

"पैजेत 'आधार' म्हटलं होतं," भाभी म्हणाल्या. "मी ऐकलंय. आणि अम्मींनी आधार घेतला नाही."

"तू पण?"

"मी फक्त ऐकलेलं सांगते."

रिझवानभाई समुद्राकडं तोंड करून उभे राहिले. मग न वळता म्हणाले, "कड्यावर गेला होता तुम्ही? काठाच्या वाटेवर? अम्मी, ती वाट खचलीय. मेला असता तुम्ही."

"मेले असते तर दुकान तुला मिळालं असतं," खाला म्हणाल्या. "आता नाही मिळत." आणि मग त्या खुर्चीवर बसल्या. अशा बसल्या की खुर्ची कुरकुरली. "चहा आण. आणि गाडीतला एखादा डबा काढून त्यावर माझा पाय उचलून ठेव. आता हात लावलेला चालतो."

रिझवानभाईंनी पाय उचलून ठेवला. बूट काढून गुडघा दाबत बसले.

दुकान चालू आहे. रिझवानभाईंनी शब्द पाळला, दुकानाचं नाव काढलं नाही, पण एक लोहार पाठवून जिन्याला पोलादी कठडा बसवून घेतला. आईला न विचारता. खालांनी त्यावर लेसचे नमुने टांगले. आता गिऱ्हाईक वर येईपर्यंत अर्धी खरेदी ठरलेली असते. त्या स्वतः कठड्याला हात लावत नाहीत. निदान कुणी बघत असेल तोवर लावत नाहीत.

माझी खोलीही आहे. फक्त तिच्याकडं जायला दुकानावरूनच जावं लागतं, आणि तीच अडचण आहे. त्या कैऱ्यांचा गोटा मी शहागंजात शोधला, गुलमंडीवर शोधला, ऑफिसच्या कामाला हैदराबादला गेलो तेव्हा तिथंही विचारला. एकानं मोर दाखवले, एकानं कमळं. एकानं कैऱ्या दाखवल्या, त्या मी घेऊन आलो. खालांनी पट्टी दोन बोटांत धरली.

"पिशोर, या कैऱ्या आहेत? हे तर तुझ्यासारखे वाकडे काजू आहेत. परत कर."

ती पट्टी आता माझ्या खिडकीला पडद्याच्या जागी बांधली आहे. रोज संध्याकाळी मी चप्पल हातात घेऊन, आवाज न करता दुकानासमोरून वर सटकायला बघतो. रोज आतून कात्रीचा आवाज थांबतो.

"कोण? पिशोर?"

"हौ, खाला."

"आणला?"

"नाय अजून."

"हं," खाला म्हणतात, आणि कात्री पुन्हा चालू होते.